अर्ध्या घाटातली बारी

माझा आवाज तीन गावांत ऐकू जातो आणि घरात एका माणसालाही ऐकू जात नाही. हे मी म्हणत नाही, आमची चिमाबाई म्हणते, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिला खोटं पाडायची माझी छाती नाही.

मी गेणभाऊ. बैलगाड्याच्या घाटातला निवेदक. बाहेरच्या पावण्यांसाठी सांगतो, आमच्या आंबेगाव-जुन्नरच्या बाजूला घाट म्हणजे नुसता डोंगरातला रस्ता नव्हे. शर्यतीसाठी तयार केलेल्या चढाच्या धावेलाही घाट म्हणतात. खालून गाडा सुटतो, वर निशाण पडतं, मधे दहा-बारा सेकंदांचा खेळ. त्या एका धावेला म्हणायचं बारी. पळतात बैल, जीव टांगणीला लागतो गाडामालकाचा, आणि माइकवर माझ्यासारखा एक जण असा बोंबलतो, जसा काही गाडा त्यानंच ओढलाय. माझं 'झाली, झाली, झाली' सुरू झालं की माणसं टोप्या उडवायची. मला वाटायचं, माझ्यासाठीच उडवतात.

मग शर्यतीवर कोर्टाची बंदी आली आणि कळलं, की बैल वजा केले तर माझ्या धंद्यात नुसती आरडाओरड उरते. मग लग्नं केली, वाढदिवस केले, दशक्रियेत श्रद्धांजलीची भाषणं केली. माइकवर मी एकदम शुद्ध बोलतो बरं का. पण एका म्हाताऱ्या गाडामालकाच्या दशक्रियेला सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आणि आबा पहिल्या नंबरात गेले." तेव्हापासून दशक्रियाही बंद झाल्या.

अशा वेळेला कोरोना आला. सगळ्यांचे धंदे बसले आणि माझा तेवढा उठला. सरपंच भरत, माझ्या पोराच्या वयाचा, तोंडाला उपरणं गुंडाळून लांबूनच म्हणाला, "गेणभाऊ, गावाला तुमच्या आवाजाची गरज हाय. देवळाच्या कर्ण्यावरनं रोज नियम सांगायचं. पगार न्हाई."

पगार नाही हे मला ऐकूच आलं नाही. मी पुढच्याच शब्दाला माइक धरला.

आता नियम सांगायचे म्हणजे काय, हात धुवा, लांब उभं राहा, घरात बसा. पण साधं सांगितलं तर तो गेणभाऊ कसला? मी हात धुण्याची बारी लावली. "साबण हातात घेतला, पाणी सुटलं, फेस आला, फेस मनगटावर आला, झाली, झाली, झाली." निम्मं गाव हसलं. उरलेल्या निम्म्यानं माझ्या घरी फोन केले, आणि ते फोन चिमाबाईनं घेतले. किराणा दुकानवाले रमणशेठ म्हणाले, "गेणभाऊ, तुमची साबणाची बारी झाली की गिऱ्हाईक पळत साबण न्यायला येतं. मास्क घरी ठेवून येतं. तेवढं बघा जरा."

मे महिन्यात मुंबईची माणसं यायला लागली. भांडुपची, डोंबिवलीची, वाशीच्या मार्केटात राबणारी. एरवी हीच माणसं यात्रेला आली की गावाचा ऊर भरून यायचा. यंदा यात्रा नाही, आणि आलेल्यांना वेशीवरूनच शाळेत धाडायचं, चौदा दिवस. गावकरी फाटकाशी भाकरीच्या पाट्या ठेवायचे आणि मागं न बघता घरी जायचे. पाट्या भरलेल्या असायच्या, हे गावाच्या बाजूनं सांगतो. मागं न बघता जायचे, हे कुणाच्या बाजूनं सांगू?

शाळेसमोर चिंच आहे. तिच्याखाली माझी खुर्ची, हातात माइक, वायर देवळापर्यंत. शाळेच्या माडीवरच्या खिडकीपासून मी बराच लांब, पण बोललेलं ऐकू यावं इतका जवळ. एका दुपारी माझे नियम संपले तशी खिडकीतून रुपाली बोलली. सावळेरामची भावजय. सावळेराम मुंबईत डबे पोचवायचा, आता तिकडंच एका क्वारंटाईन सेंटरमध्ये अडकला होता. त्याची बायको अश्विनी हॉस्पिटलात. त्यांची आठ वर्षांची पोर हर्षाली, तिला ही चुलती टेंपोत घालून गावी घेऊन आली होती.

"भाऊ," रुपाली म्हणाली, "ही पोरगी जेवत न्हाई ओ. दोन दिस निस्त्या पाण्यावर हाय. संध्याकाळी हॉस्पिटलातली नर्स फोन लावून देती. अश्विनीच्या तोंडाला ऑक्सिजन, तिला बोलता येत न्हाई. ही 'आई बोल, आई बोल' म्हणती आन् तिकडनं निस्ता मशीनचा आवाज. कालपासनं हिनं बी बोलायचं सोडलं. तुमी एवढं बोलता, हिच्याशी बोला की कायतरी."

मी फुगलो ना राव. खोटं कशाला सांगू? एवढ्या आयुष्यात मला 'बोला' असं म्हणणारी ही पहिली बाई. मी खाकरलो आणि 'उदरभरण नोहे'पासून सुरुवात करून अन्नाचं महत्त्व, शेतकऱ्याचे कष्ट, लेकरांनी कसं वागावं, असं सगळं लावलं. खिडकीत दोन वेण्या दिसल्या. मला वाटलं, पोरीवर परिणाम झाला. पोरीनं खिडकी लावून घेतली.

घाटात माझा माइक बंद करायची आमदारांच्या माणसांची हिंमत झाली नव्हती. हिनं एका कडीत काम केलं. मी तिथंच बसून राहिलो, कारण घरी जाऊन चिमाबाईला काय सांगणार?

थोड्या वेळानं खिडकी परत उघडली. "तुम्ही सारखे ओरडता का?"

"धंदा हाय माझा."

"ओरडायचा?"

"बैलगाडा माहीत हाय का तुला?" म्हणून मी तिला घाट, गाडा, निशाण सगळं सांगितलं. ती गजाला नाक लावून ऐकत होती.

"माझ्या आईच्या गावी पण बैल आहेत," ती म्हणाली. "लाख्या आणि चांद्या."

"कुठलं गाव आईचं?"

"तळेघरच्या पुढे. बस नाही जात. चालत जायचं."

"मग ते शर्यतीतलं न्हाईत. भाताच्या खाचरात चिखल तुडवणारं बैल ते. ते कशाला पळत्यात?"

आता हे बोलायची काही गरज होती का? उचलली जीभ लावली टाळ्याला. पोरगी म्हणाली, "पळतात. आईने बघितलंय. ती छोटी होती ना, तिला साप दिसला होता, तेव्हा लाख्या-चांद्या तिला घेऊन घरापर्यंत पळत आले होते."

अश्विनी लहान होती तेव्हाचे बैल आज जिवंत असायचं कारण नव्हतं, पण यावेळी मी जीभ दाबली. म्हणालो, "आगं पण आपल्या घाटात गाड्याला चार बैल लागत्यात. तुझं दोनच."

तिनं थोडा विचार केला. "दोनच आहेत," म्हणाली आणि खिडकी लावली.

मी घरी आलो तर दारातच चिमाबाई. डोळ्याला पदर. "माइक बंद केला व्हता का तुमी?"

नव्हता केला. पोरगी जेवत नाही, आई बोलत नाही, बैल दोनच आहेत, सगळं सगळ्या गावानं कर्ण्यावरून ऐकलं होतं. माझ्या आख्ख्या कारकिर्दीतलं सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं निवेदन ते, आणि त्यात मी केलं काय, तर बटण दाबायला विसरलो.

फोन वाजला. सयाजीआबा. वय झालेला माणूस, एके काळी त्यांचा गाडा म्हणजे घाटाचा राजा. बंदी आली, बैलांचा खर्च झेपेना, तेव्हा आबांनी सोन्या-बाजी विकले, आणि त्या दिवसापासून गोठ्याकडं पाठ करून बसायचे. "गेण्या," आबा म्हणाले, "त्या पोरीच्या गाड्याला माझी जोडी जुंप. सोन्या-बाजी म्होरं, लाख्या-चांद्या मागं. झालं की चार."

"आबा, सोन्या-बाजी कुठं हायती आता?"

"आन् तिचं लाख्या-चांद्या कुठं हायती? तुला बोलायचंच हाय ना निस्तं? मग बोल की."

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली बसून मी खिडकीला आवाज दिला. "हर्षाली सावळेराम यांच्या गाड्याला सयाजीआबांची जोडी मिळालेली आहे. गाडा नोंदवायचा का?"

खिडकी लगेच उघडली. "हो."

"पण एक नियम हाय. मालक उपाशी असला तर गाडा जुंपत न्हाईत."

"कोणी केला नियम?"

"घाट कमिटीनं."

"कमिटी कुठे आहे?"

"घरात बसली हाय. लॉकडाऊन हाय ना."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की कोर्टातल्या जजनंही मला तसं बघितलं नसतं. मग आत गेली, अर्धी भाकरी आणि चटणी घेऊन आली, आणि मला दिसेल अशी खिडकीत बसून खाल्ली. रुपाली मागं उभी राहून तोंडात पदर कोंबत होती. मी खुर्चीवर चांगला रेलून बसलो.

मग झाली सुरू आमची बोलाची कढी आणि बोलाचा भात. रोज उन्हं कलली की शर्यत. शाळेतल्या सगळ्या पोरांनी गाडे नोंदवले, कुणी आजोबांचे, कुणी मामाचे. भांडुपच्या एका पोराकडं बैलच नव्हते, त्यानं बापाची रिक्षा नोंदवली. कमिटीनं मान्यता दिली. नियम सगळ्यांना एकच, मालकाचं पोट भरलेलं पाहिजे. पोरं खिडक्यांना लोंबकळायची, मी आकाशाकडं बघून बारी सांगायचो, आणि गाव आपापल्या ओट्यावर बसून ऐकायचं. विकलेल्या, म्हाताऱ्या, मेलेल्या बैलांची नावं घेऊन लोकांचे फोन यायचे, 'भाऊ, आमचा शंभू एकदा पळवा राव.' रमणशेठनी राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा फाटकाशी ठेवला. म्हणाले, "पहिल्याला एकच लाडू देऊ नका, सगळ्यांना द्या. नाहीतर दुसऱ्या नंबरचे गाडामालक माझ्या दुकानावर मोर्चा आणतील." आणि पाट्या ठेवायला येणारी माणसं आता फाटकाशी थांबायला लागली. लांबून का होईना पण विचारायची, "ए पोरा, काल तुझीच का रं रिक्षा?"

चिमाबाई तर चहा देताना म्हणाली, "आज कुणाचा गाडा हाय ओ?" मी कप खाली ठेवून तिच्याकडं बघतच राहिलो. माणसानं आयुष्यात एवढं सुखी होऊ नये, पुढं काहीतरी येतंच.

आलं. रुपालीनं खिडकीतून खुणावलं, "माइक बंद हाय ना? नीट बघा." मी तीन वेळा बघितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, लई वंगाळ झालंय. हिनं सगळ्या पोरास्नी सांगितलंय, माझी बारी फायनलला पहिली आली का माझी आई घरी येणार. आन् हॉस्पिटलवालं म्हणत्यात, दोन-तीन दिवस अवघड हायती, काय सांगता येत न्हाई."

तोपर्यंत माझी समजूत, की आपण पोरीला जेवायला लावलं, मोठं काम केलं. आणि मी करून काय ठेवलं होतं? तिच्या आईचा जीव माझ्या तोंडाला बांधून ठेवला होता. बारी जिंकवली आणि आई आली नाही तर? हरवली आणि तेव्हाच तिकडं काही झालं, तर पोर जन्मभर म्हणेल, माझे बैल कमी पडले. खऱ्या घाटात बरं असतं, बैल काय ते ठरवतात, आपण नुसतं ओरडायचं. इथं बैलही मीच, घड्याळही मीच, आणि फेस मात्र माझ्या तोंडाला.

मग जे भित्रा माणूस करतो तेच मी केलं. फायनल पुढं ढकलत सुटलो. एके दिवशी निशाणाची काठी मोडली. एके दिवशी घोडीचा नाल निघाला, आमच्याकडं गाड्याच्या पुढं घोडी पळते. एकदा सेमीफायनल बरोबरीत सुटली म्हणून परत घेतली. टीव्हीवरच्या मालिकांना मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, पण रोज 'आता काय होणार' वर आणून सोडायचं म्हणजे काय मेहनत असते ते तेव्हा कळलं. हर्षाली "उद्या का?" एवढंच विचारायची, मान हलवायची आणि जाऊन जेवायची.

पण सयाजीआबा खवळले. "गेण्या, फायनल घेतो का न्हाई? माझं बैल उभं राहून राहून पाय धरलं त्यांचं." पोरंही ओरडायला लागली. शेवटी मला कबूल करावं लागलं. कबूल तरी साधं करावं ना? आपला स्वभाव आडवा आला. आदल्या दिवशी माइकवरून मी असा पुकारा केला, "उद्या संध्याकाळी, तमाम बैलगाडा शौकिनांनो, भव्य दिव्य फायनल. घाटाचा राजा कोण, ते उद्या ठरणार." वारा शेजारच्या निरगुडसर गावाच्या बाजूला वाहत होता. मला काय माहीत?

फायनलला मी धुतलेला सदरा घातला होता. काय सांगायचं ते अजून ठरलं नव्हतं, म्हटलं, बोलता बोलता सुचेल, आजवर तसंच सुचत आलंय. "गाडा सुटला. सोन्या-बाजी म्होरं, लाख्या-चांद्या मागं. काय उडी, काय उडी. अर्धा घाट मागं पडला, आणि आता लाख्यानं मान खाली घातली..." तेवढ्यात लांबून मोटारसायकलींचा आवाज आला. मला वाटलं, माझ्या निवेदनाला आता सिनेमासारखे आवाजही यायला लागले. बघतो तर आमच्या जुन्या घाटाकडून माणसांचा लोंढा. तोंडाला टॉवेल, कपाळाला भंडारा. त्यांच्या मागं एक टेंपो, आणि टेंपोत खरोखरचे चार बैल. आणि त्या सगळ्यांच्या मागं पोलिसांची जीप.

गाडामालक टेंपोतून उतरून माझ्यावरच डाफरला. "घाटात कुत्रं न्हाई आन् हितं बारी चालू हाय? आमचा नंबर कितवा?"

हवालदारसाहेब आले. "शर्यतीवर बंदी आहे माहीत आहे ना? वर जमावबंदी. बैल कुठं आहेत?"

"साहेब, बैल न्हाईत."

"मग हे कोण पळतंय?"

"कुणीच पळत न्हाई साहेब. मी निस्तं म्हणतोय, पळतंय म्हणून."

"आणि टेंपोतले?"

"ते खरं हायती. पण ते आपलं न्हाईत."

साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. त्यांच्या नोकरीत असा गुन्हा आला नसावा. वरून खिडकीतला भांडुपचा पोरगा ओरडला, "साहेब, माझी रिक्षा पण आहे फायनलला." त्यावर साहेबांचा जो काही धीर उरला होता तोही संपला. त्यांनी जमलेल्यांना दम भरून पळवलं, वायर गुंडाळली आणि माइक जीपमध्ये टाकला. सरपंच भरत पाच मिनिटं मला एकेका शब्दानं सोलत होता आणि मी ऐकत होतो. त्याचं काही चुकत नव्हतं. असल्या दिवसांत मी चार गावांची माणसं एका जागी गोळा केली होती. मला खरोखर लाज वाटली, आणि त्याच्याहून जास्त, हे सांगायचीही लाज वाटते, बरं वाटलं. फायनल मोडली. मी सुटलो.

सगळे गेले. मी खुर्ची उचलली. तेवढ्यात वरून आवाज आला, "काका, अर्ध्यात थांबलात."

"माइक नेला पोरी."

"माइक नेला म्हणून बैल थांबतात?"

मी खुर्ची परत खाली ठेवली. खिडकीच्या जेवढं जवळ जायची परवानगी होती तेवढा गेलो. बाकीची पोरं बघत होती. माइक नसला की माझा आवाज शेळीसारखा आहे, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तसल्या आवाजात मी म्हणालो, "हर्षाली, एक खरं सांगू का? ते बैल मीच पळवतो. तोंडानं."

"माहितीये."

"मग ते पहिलं आलं न्हाई आलं, तरी तुझ्या आईचं..." एवढ्यावर मला पुढं बोलता येईना. तेवढ्यात आत रुपालीचा फोन वाजला. रोजचा, हॉस्पिटलचा.

रुपालीनं फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, आवाज मोठा केला. नर्सबाई दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "बोल बाळा, फोन आईच्या कानाला लावलाय. ऐकतेय ती." मग मशीनचा आवाज. फूस, जरा थांबून परत फूस. बाकी काही नाही. रुपालीनं तोंड फिरवलं.

हर्षालीनं दोन्ही हातांनी गज धरले. मला वाटलं, रडणार आता. तिनं खाकरून घसा साफ केला, अगदी माझ्यासारखा, आणि बोलायला लागली.

"आई, ऐक. घाट आहे मोठा. चढ आहे. खाली गाडा उभा आहे, तुझे लाख्या-चांद्या आहेत आणि पुढे सयाजीआजोबांचे सोन्या-बाजी आहेत, ते उसने आहेत. गाडा सुटला. सुटला, सुटला. चांद्या हळू पळतोय कारण त्याला चिखलाची सवय आहे, पण लाख्या त्याला म्हणतोय चल. सगळे लोक ओरडतायत. रमणकाका पण ओरडतायत. आई, तू साप बघितलास ना, तेव्हा पळाले तसे पळतायत. अर्धा घाट आला. अर्धा घाट आला आणि लाख्याने मान खाली घातली..."

मी आयुष्यात पहिल्यांदा खालून बारी ऐकत होतो. चिंचेखाली मी आपोआप हात वर केला होता, निशाणासाठी.

"पुढचं उद्या," हर्षाली म्हणाली.

फोनमधून थोडा वेळ नुसतं फूस, फूस. मग नर्सबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज दमलेला नव्हता, "अगं बाळा, आई हात हलवतेय. अजून सांग म्हणतेय वाटतं. सांग ना."

"नाही," पोरगी म्हणाली. "तिला सांगा, बारी अर्ध्या घाटात आहे. उद्या ह्याच वेळेला." आणि तिनं बोट दाबून फोन बंद केला.

मला राहवलं नाही. माणूस तिकडं हात हलवतंय आणि ही कसली वैरीण. मी खालून म्हणालो, "आगं, पोचवायची की बारी. एवढं दोन शब्दांचं काम. का थांबवलीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी कमिटीचा पत्ता विचारला होता तसंच.

"तुम्ही पण तसंच करायचात ना रोज?" ती म्हणाली. "उद्या काय होणार ते बघायला मला जेवायला लागायचं. आता तिला पण थांबायला लागेल."

मी हात खाली घेतला. चिंचेला टेकलो आणि रडलो, चांगला हुंदके देऊन रडलो, सगळ्या पोरांसमोर, आणि माइक नव्हता म्हणून ते गावाला ऐकू गेलं नाही. हर्षाली आत गेली. रुपालीनं ताट वाढल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी रुपालीला फोनची वाट बघावी लागली नाही. मी चिंचेखाली जाऊन नुसता बसत होतो, उन्हं अजून कललीही नव्हती. हॉस्पिटलचा फोन आला, रोजच्या वेळेच्या बराच आधी. नर्सबाई म्हणत होत्या, पेशंट सकाळपासून फोनकडं बोट दाखवतेय.